दर बहात्तर तासांनी एक इंजेक्शन

पावसाळ्यात समुद्र खवळला की पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्याला जखमी समुद्री कासवं लागू लागतात. त्यात ऑलिव्ह रिडले जास्त. कुणाच्या मानेभोवती जाळ्याचा तुकडा असतो, कुणाच्या पुढच्या परात, म्हणजे पोहायच्या चपट्या पायात, नायलॉनचा दोर हाडापर्यंत रुतलेला असतो. डहाणूला अशा कासवांसाठी वनविभाग आणि स्थानिक प्राणीमित्र मिळून उपचार केंद्र चालवतात. बातमीत आपण वाचतो, 'कासवावर उपचार करून त्याला समुद्रात सोडण्यात आलं.' या एका वाक्यामागे कित्येक आठवड्यांचं, कधी महिन्यांचं काम असतं. जाळं कापलं, अँटिबायोटिक टोचलं आणि झालं, असं ते नसतं. अँटिबायोटिकची पाळी येण्याआधी बरंच काही करावं लागतं.

आधी जखम कशी चिघळते ते पाहू. दोर आवळत जातो तसा परापर्यंत पोचणारा रक्तपुरवठा तुटतो. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत, आणि मेलेल्या मांसावर जिवाणूंना मोकळं रान मिळतं. हे जिवाणू बाहेरून आलेले नसतात. व्हिब्रिओ, एरोमोनास, स्यूडोमोनास हे पाण्यातच राहणारे, धडधाकट कासवाच्या अंगावरही सापडणारे. एरवी ते निरुपद्रवी असतात. कासव उपाशी, दमलेलं आणि जखमी झालं की तेच रक्तात आणि हाडात शिरतात.

म्हणून केंद्रात आलेल्या कासवाला आधी तोललं जातं, मग सलाईन दिलं जातं. डोळे खोल गेलेले आणि पोटाकडचं कवच आत बसलेलं असेल तर शरीरातलं पाणी आणि मांस दोन्ही आटलंय हे समजतं. अशा अवस्थेत जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं औषध दिलं तर जंतू मरतील, पण मूत्रपिंडंही निकामी होऊ शकतात. तापमानही पाहावं लागतं. कासव स्वतःचं शरीर आपल्यासारखं ऊबदार ठेवू शकत नाही. पाणी गार असेल तर त्याच्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि औषधाचा प्रवासही मंदावतो. टाकीतलं पाणी साधारण २५ ते ३० अंशांच्या दरम्यान राखणं हा उपचाराचाच भाग आहे. कोकणात हे फारसं अवघड जात नाही, ही जमेची बाजू.

मग रक्त. मानेच्या वरच्या बाजूच्या शिरेतून ते काढतात. माणसाचं रक्त मोजणारं यंत्र इथे फसतं, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या लाल पेशींनाही केंद्रक असतं आणि यंत्राला लाल-पांढरं वेगळं ओळखता येत नाही. काचेवर थेंब पसरून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी डोळ्यांनी मोजावी लागते. वेळ लागतो, पण संसर्ग वाढतोय की उतरतोय हे त्यातूनच कळतं. एक्स-रेही लागतो. कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात आणि आपल्यासारखं श्वासपटल नसल्यामुळे त्याला खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. टाकीत एका बाजूला कलून तरंगणाऱ्या कासवाला न्यूमोनिया असू शकतो, आतड्यात अडकलेला वायू किंवा प्लास्टिकही असू शकतं. या दोन्हींचे उपचार वेगळे. अंदाजाने अँटिबायोटिक सुरू केलं आणि आत प्लास्टिक अडकलेलं असलं, तर मौल्यवान आठवडा वाया जातो.

जखमेकडे वळू. कुत्र्याच्या किंवा गाईच्या गळवातला पू पातळ असतो, चीर दिली की वाहून जातो. कासवाचा पू खव्यासारखा घट्ट. त्याच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी द्रव्यं पुरेशी नसतात, म्हणून तो थरावर थर साचतो. त्यात रक्तवाहिनी नसते आणि रक्तातून येणारं औषध तिथे पोचत नाही. किती भारी अँटिबायोटिक दिलं तरी हा गोळा हाताने काढल्याशिवाय कासव बरं होत नाही. डॉक्टर भूल देऊन मेलेलं मांस कापतात, पोकळी धुतात आणि गरज पडली तर पर सांध्यातून काढून टाकतात. ऐकायला क्रूर वाटतं. पण सडणारा पर ठेवून जीव गमावण्यापेक्षा हे बरं, आणि तीन परांचं कासव नीट पोहू शकतं. मग रोज काही तास कासवाला पाण्याबाहेर ओल्या फडक्यांवर ठेवून जखम कोरडी करतात. मलमपट्टीत मधही वापरतात, कारण मधात जंतू वाढत नाहीत.

चिघळलेल्या भागाच्या खोलातून कापसाच्या बोळ्यावर नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवलेला असतो. समुद्री व्हिब्रिओला मीठ लागतं, म्हणून त्यासाठी खास हिरवं माध्यम वापरतात. त्यावर काही जाती पिवळ्या टिकल्या उमटवतात, काही हिरव्याच राहतात. मग दुसऱ्या बशीत जिवाणू पसरून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती जंतू न वाढलेलं रिकामं वर्तुळ जितकं मोठं, तितकं ते औषध लागू. चकतीला चिकटून वाढले तर ते औषध बाद. या परीक्षेला दोन-तीन दिवस लागतात, पैसेही लागतात, म्हणून ती गाळण्याचा मोह होतो. तो मोह आवरायलाच हवा. माणसं आणि गुरं यांच्यामार्फत समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्यामुळे अनेक औषधांना न जुमानणारे जिवाणू आज किनाऱ्यालगतच्या पाण्यात आहेत. जुन्या सवयीने दिलेलं औषध कधी चालेल, कधी नाही.

निकाल येईपर्यंत बरेचदा सेफ्टाझिडीम सुरू करतात, कारण पाण्यातल्या या जंतूंवर ते सहसा चालतं. जिवाणू आपली भिंत बांधत असताना हे औषध ते बांधकाम मोडतं. भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. या गटातल्या औषधांचा परिणाम एका झटक्याच्या जोरावर अवलंबून नसतो. रक्तातली मात्रा किती वेळ पुरेशी राहते, यावर तो ठरतो. माणसाच्या शरीरातून सेफ्टाझिडीम दोनेक तासांत निम्मं होतं, म्हणून रुग्णालयात ते दर आठ तासांनी देतात. लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांच्या अभ्यासात निम्मं व्हायला सुमारे २० तास लागले. म्हणजे ४० तासांनी चतुर्थांश, ६० तासांनी अष्टमांश. म्हणून समुद्री कासवांना किलोमागे साधारण २० मिलिग्रॅम, दर ७२ तासांनी एकदा देतात. ३६ किलोच्या मादीला ७२० मिलिग्रॅम. ती इंजेक्शनं पुढच्या भागात, खांद्याजवळच्या स्नायूत देण्याचा प्रघात आहे, कारण मागच्या अंगाचं रक्त आधी मूत्रपिंडांतून जातं.

तीन दिवसांनी एकदा सुई, ही वन्यप्राण्यासाठी फार मोठी सवलत आहे. रोज धरणं, उचलणं, दाबून ठेवणं याचा ताण कासवाला आतून पोखरतो आणि ताणाखाली प्रतिकारशक्ती आणखी खचते. एन्रोफ्लॉक्सासिनही कासवांना देतात, पण त्याचं इंजेक्शन झोंबतं आणि स्नायूला इजा करू शकतं, म्हणून ते जपून. औषध टाकीच्या पाण्यात ओतून मोकळं होणं हा तर उपायच नव्हे. कासवाला पुरेशी मात्रा मिळत नाही आणि उरलेलं पाणी नाल्यातून समुद्रात जाऊन जिवाणूंना औषधाचा सराव करून देतं.

पाळीव कुत्र्याच्या गोळ्या अर्ध्यावर राहिल्या तर मालक पुन्हा दवाखान्यात येतो. समुद्रात सोडलेलं कासव परत बोलावता येत नाही. म्हणून त्याचा औषधांचा पूर्ण कोर्स केंद्रातच संपतो. नंतरही काही दिवस औषधाविना पाहतात: रक्त ठीक आहे का, कासव आपण होऊन खातं का, सरळ बुडी मारून तळाशी राहतं का. तिन्हींचं उत्तर हो आलं, तरच टाकीतून समुद्राकडे.

आणि आपण? पावसाळ्यात किनाऱ्यावर कासव दिसलं तर त्याला पाण्यात ढकलू नका. ते दमून बाहेर आलंय, बुडेल. मात्र थंडीच्या रात्री वाळूत खड्डा खणणारी मादी आजारी नसते, तिला दुरूनच पाहा. जखमी कासवाला सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या उघड्या ठेवा. सैल जाळं कापा, पण मांसात रुतलेला दोर ओढू नका. हळद, पावडर, घरातली कुठलीही गोळी नको. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा आणि माणसं येईपर्यंत कुत्र्यांना लांब ठेवा.