वखारीतील मोकळी वाट



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांनी आम्हांला इतिहास शिकविला. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली, हा भाग चालू असता त्यांनी मध्येच विचारले होते, "या इंग्रजांना वखार लागत होतीच कशाला? माल घ्यावा, जहाजात भरावा आणि निघावे!" वर्गात कोणालाही उत्तर देता आले नाही. पुढे माझी सारी नोकरी इंदूर, देवास आणि उज्जैनच्या परिसरातील धान्याच्या वखारींत झाली. त्या प्रश्नाचे उत्तर मी आज इतक्या उशिरा देत आहे.

उत्तर साधे आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र जहाजांना बंद असे आणि विलायतेची जहाजे ठरावीक ऋतूतच येत. जहाज बंदरात उभे राहिल्यावर कापड खरेदीस निघाले, तर भाव चढे आणि जहाज खोळंबे. म्हणून वर्षभर थोडा थोडा माल घेऊन तो साठवून ठेवावा लागे. वाहतूक माल एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी नेते. वखार तो एका काळातून दुसऱ्या काळात नेते. व्यवस्थापनशास्त्रात ज्याला लॉजिस्टिक्स म्हणतात, त्याचे हे दोन पाय होत. पहिल्याकडे सर्वांचे लक्ष असते, कारण मालमोटार रस्त्यावर धावताना दिसते. दुसरा पाय बंद दाराआड असतो.

आपल्या माळव्याचा गहूच घ्या. तो येतो मार्च-एप्रिलमध्ये, साऱ्या गावांतून एकदमच; आणि खाल्ला जातो बाराही महिने. मंडीत एकाच वेळी सारे विकू लागले म्हणजे भाव पडतो, हे शेतकऱ्याला कळत नाही असे मुळीच नाही. परंतु त्याच्यापाशी जागा नसते आणि थांबण्यापुरता पैसाही नसतो. या दोन्ही अडचणींवर एकच तोड काढण्याचा विचार गोरवाला समितीने केला. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली नेमलेल्या या ग्रामीण पतपाहणी समितीत आपले धनंजयराव गाडगीळही होते. शेतकऱ्याने काढलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के आहे, हे तिने १९५४ च्या अहवालात दाखवून दिले आणि कर्ज, विक्री व साठवण यांची सांगड घालावी असे सुचविले. त्यातून १९५६ चा कायदा आणि १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आले. शेतकऱ्याने माल वखारीत ठेवावा, पावती घ्यावी, ती पावती बँकेत तारण ठेवून कर्ज उचलावे आणि भाव आल्यावर माल विकावा, अशी ही योजना. २००७ च्या कायद्याने अशा पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचे बळ दिले, आणि २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक रूपातही मिळू लागली.

म्हणजे बँकेने कर्ज दिले ते गहू पाहून नव्हे, कागद पाहून. त्या कागदामागे गहू खरोखर आहे, तितकाच आहे आणि तसाच आहे, एवढी हमी वखारवाल्याने द्यायची. आमचा सारा धंदा या तीन शब्दांत आला. पण तिन्ही शब्द वाटतात तितके सोपे नाहीत.

'तितकाच' हा शब्द पाहा. १२ टक्के ओलावा असलेला १००० क्विंटल गहू एप्रिलमध्ये आत घेतला. माळव्याच्या उन्हाळ्यात तो सुकून ओलावा १० टक्क्यांवर आला. कोरडा अंश ८८० क्विंटल होता तेवढाच राहिला. पण एकूण वजन भरले सुमारे ९७८ क्विंटल! बावीस क्विंटल, म्हणजे पन्नास किलोंची चव्वेचाळीस पोती, एक दाणाही चोरीस न जाता हवेत गेली. पावसाळ्यात हाच गहू हवेतील दमटपणा शोषून पुन्हा जड होतो आणि मग अप्रामाणिक माणसाला तेवढे धान्य बिनबोभाट काढून घेण्याची सोय होते. म्हणून आवक होताच पोत्यांत परखी खुपसून नमुना काढायचा आणि वजनाशेजारी ओलाव्याचा आकडा लिहायचा. ज्या वहीत हा आकडा नाही, ती वही कितीही सुवाच्य असली तरी मी तिच्यावर विश्वास ठेवीत नाही.

आता 'तसाच' या शब्दाकडे येतो. पोती जमिनीवर ठेवीत नाहीत; खालून ओल चढू नये म्हणून लाकडी चौकटींवर त्यांच्या थप्प्या रचतात. प्रत्येक थप्पी भिंतीपासून दूर ठेवतात आणि दोन थप्प्यांमध्येही वाट सोडतात. नवख्या मालकाला ही मोकळी जागा पाहून हळहळ वाटते. भाडे साऱ्या जमिनीचे द्यायचे आणि तिचा एवढा भाग रिकामा! परंतु त्या वाटेवरूनच पोती मोजता येतात, औषध फवारता येते आणि आधी आलेला माल आधी बाहेर काढता येतो. सोंडे आणि खपरा या किड्यांसाठी धुरी द्यावी लागते. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या थप्पीत ठेवून तिच्यावर जाड आच्छादन घालतात आणि त्याची कड रेतीच्या लांब पिशव्यांनी जमिनीशी दाबून टाकतात. आत साठणारा विषारी वायू कित्येक दिवस कोंडून राहिला, तरच दाण्याच्या पोटातील अळी मरते. थप्प्या एकमेकींना चिकटल्या, तर ती कड दाबायला जागाच उरत नाही आणि धुरी निव्वळ नावाची होते.

गोदाम कोठे बांधावे, हाही प्रश्न आहेच. त्याविषयी थोडक्यात सांगतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होण्यापूर्वी अनेक कंपन्या केंद्रीय विक्रीकर वाचविण्यासाठी राज्याराज्यांत लहान लहान गोदामे ठेवीत. ते कारण संपल्यावर रस्ता व अंतर पाहून कमी, पण मोठी गोदामे उभारण्याकडे कल झाला. त्यातली कामे संगणकाच्या आज्ञेने चालतात. मात्र थप्पीभोवतीची वाट संगणकालाही लागते.

ती वाट मी एकदा बुजविली होती. साहाय्यक म्हणून माझे ते दुसरे वर्ष. एप्रिलचा मध्य, फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागलेली. गाड्या परत पाठविणे जिवावर आले, म्हणून मी मधल्या वाटेत पोती रचविली. मागच्या भिंतीकडे देवासजवळच्या एका शेतकऱ्याची थप्पी होती. एप्रिलच्या आरंभी आलेली. पुढची पोती पावसाळ्यात जात-येत राहिली आणि वही दर महिन्याला बिनचूक जुळत गेली. जानेवारीत भाव चढला, तेव्हा तो शेतकरी पावती घेऊन आला. त्याच्या थप्पीपर्यंत पोहोचायला हमालांना दोन दिवस लागले. पोते उचलले, तर खाली पिठाचा सडा पडला. हात घातला, तर आत ऊब लागली. त्याने मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली. बरेचसे उडून गेले, पोकळ होते. तो माझ्यावर ओरडला नाही. त्याने माळवीत एवढेच विचारले की, बँकेला मी आता काय दाखवू?

नुकसानभरपाई संस्थेने दिली, पण ती हाती पडेपर्यंत भाव उतरला होता आणि कर्जावरचे व्याज चढले होते. आमच्या वखारपालांनी माझ्या हाती चुन्याची बादली व कुंचा दिला आणि रिकाम्या झालेल्या जमिनीवर वाटांच्या रेघा माझ्याकडूनच मारून घेतल्या. पुढच्या एप्रिलमध्ये रांग तशीच लागली. त्या रेघांवर मी एकही पोते ठेवू दिले नाही. अकरा गाड्या परत गेल्या. देवासच्या त्या शेतकऱ्याची गाडी त्यांत नव्हती. तो आमच्याकडे पुन्हा आला नाही.