पसंतीक्रम भरताना

दहावीचा निकाल लागला की घराघरांतून एकच काळजी सुरू होते : मनासारखे कॉलेज मिळेल का? गुण थोडे कमी पडले असतील तर वडीलधारी मंडळी सल्ला देतात, "मोठ्या कॉलेजचे नाव पहिले टाकू नकोस, पसंती फुकट जाईल." हा सल्ला कितपत बरोबर आहे, हे विद्यार्थी व पालक दोघांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशपद्धती नाशिक शहरात काही वर्षांपासून होतीच. २०२५ मध्ये ती सर्व राज्याला लागू झाली. विद्यार्थ्याने जास्तीत जास्त १० कॉलेजे पसंतीच्या क्रमाने भरावयाची असतात. संगणक विद्यार्थ्यांना गुणानुक्रमे घेतो, प्रत्येकाची यादी वरून खाली पाहतो व जेथे जागा शिल्लक असेल तेथे ती देतो.

समजा, एका मुलीला ७८ टक्के गुण आहेत. तिच्या पहिल्या पसंतीच्या कॉलेजची यादी ८४ टक्क्यांवर थांबली. मग संगणक तिचे दुसरे नाव पाहतो. ७५ टक्क्यांच्या एखाद्या मुलाने तेच कॉलेज पहिले टाकले असले, तरी तेथे जागा आधी तिलाच मिळते. म्हणजे वरचे नाव टाकल्याने तिचे काहीही गेले नाही. भीतीने ते वगळले असते आणि यादी खाली आली असती, तर मात्र हातची संधी गेली असती.

परंतु दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली पसंती मिळाली तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांना मुकावे लागते. म्हणून मैत्रिणीने टाकले म्हणून एच.पी.टी., सगळे म्हणतात म्हणून के.टी.एच.एम. असे करू नये. फी, बसचा खर्च, शाखा यांचा हिशेब घरात बसून आधीच करावा. दुसरे, दहाही नावे उंचावरचीच टाकू नयेत. दोन-तीन स्वप्नातली, चार-पाच आपल्या गुणांच्या आसपासची व उरलेली खात्रीची, अशी यादी असावी.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी गेल्या वर्षीचा कट-ऑफ पाहताना आपल्या प्रवर्गाचाही पाहावा. केवळ खुल्या प्रवर्गाचा आकडा पाहून कित्येक जण उगाच माघार घेतात. जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढून ठेवावा. बँकेच्या काउंटरवर दर जूनमध्ये पालक घाईने पैसे काढताना दिसतात. केवळ धास्तीपोटी व्यवस्थापन कोट्यात पैसे भरण्यापूर्वी नियमित फेरीत काय मिळू शकते, ते अवश्य तपासावे.

बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. तरीही ते एल्फिन्स्टन कॉलेजात गेले आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे १९४६ साली त्यांच्याच प्रयत्नाने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, मनातले कॉलेज पहिल्या क्रमांकावर निःसंकोच लिहा. मात्र खालची नावेही तितक्याच विचाराने भरा. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका आधी वाचा आणि मगच अर्ज लॉक करा.