अनुदान हवे, तर आधी दप्तर नीट ठेवा

कात्रजच्या वस्त्यांत भीमजयंतीला मंडळे आरोग्य शिबिर घेतात. दारूच्या व्यसनावर सल्लाही दिला जातो. पण पुढचे उपचार वर्गणीतून होत नाहीत. मग सरकारी अनुदान मिळेल का, असे आम्हाला विचारले जाते.

मिळू शकते. केंद्राचे सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालय व्यसनमुक्ती केंद्र चालविणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान देते. अर्ज ‘ई-अनुदान’ पोर्टलवर करायचा असतो. मात्र नोंदणी नसलेल्या मंडळाला तो करता येत नाही.

म्हणून पहिले काम नोंदणीचे. किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली अर्ज करावा. सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खालीही नोंदणी करावी. दोन्हींसाठी पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात जावे. संस्थेच्या उद्देशांत ‘आरोग्य’ व ‘व्यसनमुक्ती’ लिहावे. नंतर संस्थेचे पॅन, बँक खाते आणि नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलचा क्रमांक घ्यावा.

दुसरे, कामाचा पुरावा. मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतात. तेव्हा येत्या शिबिरापासूनच पावतीपुस्तक, नोंदवही आणि सभेचे इतिवृत्त ठेवा.

तिसरे, पैसे हप्त्याने येतात. आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र दिले नाही, तर पुढचा हप्ता अडतो.

मंजुरी आणून देतो म्हणणाऱ्या दलालाकडे कागद वा पासवर्ड देऊ नका.

या साऱ्याला काही वर्षे लागतील. तोवर रुग्णाला थांबवून ठेवू नका. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा.