पाच ग्रॅमांचा स्पर्श

क्रेनिओसॅक्रल थेरपीच्या पहिल्या वर्गात विद्यार्थ्याला सांगतात ते ऐकायला सोपे असते : हाताचा भार कमी करा. किती कमी? अमेरिकेत त्यासाठी निकेलचा, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याचा दाखला देतात. त्याचे वजन 5 ग्रॅम. आपल्याकडचे 2011च्या मालिकेतले दोन रुपयांचे नाणे जवळपास तेवढेच भरते. अठरा वर्षे फिजिओथेरपी करताना मी नेमके उलटे शिकले होते. अंगठा रुतवायचा, सांधा ताणायचा, दुखले का ते विचारायचे. इथे रुग्णाच्या कवटीवर नाण्याएवढा भार ठेवून 'ऐकायचे' असते.

ऐकायचे काय? शिकवण अशी, की मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाला स्वतःची एक लय आहे, मिनिटाला साधारण 6 ते 12 आवर्तनांची. ती नाडीहून वेगळी आणि श्वासाहूनही वेगळी. कवटीची हाडे तिच्याबरोबर किंचित उघडमीट करतात आणि ती हालचाल पाठीच्या कण्यातून त्रिकास्थीपर्यंत, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडापर्यंत पोहोचते. लय अडली की दुखणे येते. हलक्या हाताने ती मोकळी करता येते.

ही कल्पना विल्यम सदरलँड यांची. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी ऑस्टिओपथीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल यांच्या शाळेत ते शिकत होते. सुटी करून मांडलेली कवटी पाहताना कानशिलाच्या हाडाची तिरकी कड त्यांना माशाच्या कल्ल्यांसारखी वाटली. कल्ले हलतात, तेव्हा हाडही हलण्यासाठीच घडले असणार, असा त्यांचा तर्क. पुढे त्यांनी स्वतःच्या डोक्याला पट्टे आवळून प्रयोग केले आणि 1939मध्ये 'द क्रेनिअल बोल' हे पुस्तक काढले. तरी विद्या ऑस्टिओपाथांच्या घरातच राहिली. तिला दार उघडून दिले जॉन अपलेजर यांनी. 1970च्या सुमारास मानेच्या एका शस्त्रक्रियेत मज्जारज्जूवरचे आवरण स्थिर धरून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. ते लयीत हलत राहिले, स्थिर राहीना. 1985मध्ये त्यांनी फ्लोरिडात संस्था काढली आणि फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, मालिश करणारे अशा सर्वांना शिकवायला सुरुवात केली.

आज मुख्यतः दोन वाटा आहेत. अपलेजर यांच्या परंपरेत चार-चार दिवसांचे वर्ग एकापुढे एक घ्यायचे. पहिल्यातच दहा पायऱ्यांची ठरावीक पद्धत हाती देतात. दुसरी वाट 'बायोडायनॅमिक', इंग्लंडमध्ये फ्रँकलिन सिल्स यांनी रुजवलेली. ती दोनेक वर्षांची, सुमारे 700 तासांची. त्यात शिकणाऱ्याने आधी स्वतः शांत बसायचे, लयीला 'भरती' म्हणायचे, आणि माणूस 'समग्र' पाहायचा. स्वित्झर्लंडमध्ये पूरक उपचारांच्या संघराज्य पदविकेत ही पद्धत मान्य आहे. आपल्याकडे 2021च्या संलग्न आरोग्यव्यवसाय कायद्यात फिजिओथेरपी आहे, ही नाही.

मी पहिल्या वाटेचा पहिला वर्ग केला. जोड्या पाडतात, एकाने टेबलावर झोपायचे, दुसऱ्याने टाचांखाली, मांड्यांवर, बरगड्यांवर, शेवटी डोक्याखाली हात ठेवायचे. शिक्षक आपल्या हातावर हात ठेवून हळूच म्हणतात, "आता बाहेर... आता आत." पहिल्या दिवशी निम्म्यांना काहीच कळत नाही. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळते. माझ्या मते या प्रशिक्षणाचा सगळा प्रश्न या दोन दिवसांत आहे. हात तयार झाला, की एकमत तयार झाले? तबल्याच्या शिष्याचा कानही असाच घडतो, पण बोल चुकला तर तिसऱ्यालाही ऐकू येतो. हृदयाची मर्मर स्टेथोस्कोपने ऐकली, तर ती इकोवर तपासता येते.

इथेही तपासणी झाली आहे. 1994मध्ये 'फिजिकल थेरपी' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला : तीन अनुभवी थेरपिस्टांनी 12 जणांची लय वेगवेगळी मोजली. त्यांच्यातला मेळ काढला तर तो जवळजवळ शून्य. 1998मध्ये 28 जणांवर याहून नेटका प्रयोग झाला. एक परीक्षक डोक्याशी, दुसरा पायांशी, एकाच वेळी. एकाच शरीरातली एकच लय, तरी आकडे जुळले नाहीत.

हाडांचे म्हणावे, तर कवटीच्या तळाचा जो सांधा सदरलँड यांनी हालचालीचे केंद्र मानला, तो पौगंडावस्थेतच हाड होऊन मिटतो. शिवणी मिटण्यावरून न्यायवैद्यकात वयाचा अंदाज बांधतात. शिवणींत थोडी लवचीकता उरते हे समर्थकांचे म्हणणे खोटे नाही. पण ती केस आणि कातडीवरून बोटांना कळेल, हे पटणे अवघड. द्रव मात्र खरोखर हलतो. सुमारे 150 मिली असतो, रोज अर्धा लिटर नवा तयार होतो, आणि एमआरआयवर तो हृदयाच्या ठोक्याबरोबर व श्वासाबरोबर हलताना दिसतो. शिवाय रक्तदाबात मिनिटाला सहाच्या आसपास येणाऱ्या मंद लाटा आहेत, त्यांना ट्राउब-हेरिंग लाटा म्हणतात. काही ऑस्टिओपाथांनीच 2001मध्ये आपल्या लयीशी त्यांचे नाते जोडले. पण त्या लाटा थेरपिस्टच्या बोटांतही असतातच की!

मग गुण येतो का? जर्मनीतल्या एसेन इथे मानदुखीच्या 54 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना नुसताच हलका स्पर्श दिला. खऱ्या उपचाराच्या गटाचे दुखणे जास्त कमी झाले. 2020मध्ये 10 चाचण्या एकत्र करून अनुकूल निष्कर्ष निघाला. 2024च्या 15 चाचण्यांच्या आढाव्यात सांगण्यासारखा फायदा दिसला नाही. मी स्वतः या दुसऱ्या बाजूला झुकते.

तरीही वर्ग वाया गेला असे मी म्हणणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मला एका रुग्णामागे दहा मिनिटे मिळत. इथे तासभर घाई न करता, न बोलता, हात स्थिर ठेवायला शिकवले. डोक्याला नुकताच मार, मेंदूत रक्तस्राव, धमनीला फुगा असेल तर हात लावू नका, हेही नीट बजावले. मात्र त्याच वर्गात स्वमग्न मुलांना 'बरे' केल्याच्या कहाण्याही सांगितल्या गेल्या, आणि तिथे मला राग आला. तीन वर्षांच्या मुलाचे स्पीच थेरपीचे सहा महिने असे गेले, तर ते परत मिळत नाहीत. बाळांचेही तसेच. टाळू साधारण दीड वर्षांपर्यंत मिटते. आपल्या मालिशवाल्या मावशी ती तेलाने भरतात, डोक्याला हाताने गोलाई देतात, आणि घरचे मानतात. डोक्याचा आकार खरेच वेडावाकडा असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ.

मी हा स्पर्श वापरते, फक्त मोठ्यांसाठी, नेहमीचे व्यायाम झाल्यावर आणि वेगळे पैसे न घेता. आधी सांगते, "याने तुमची हाडे हलणार नाहीत. कदाचित बरे वाटेल. दोनदा करून फरक नाही पडला तर थांबू." हे ऐकून दोघे जण उठून गेले. बाकीचे झोपून राहतात. एक निवृत्त बँक मॅनेजर काका तर दहा मिनिटांत घोरू लागतात, आणि उठल्यावर विचारतात, "झालं पण?"