तपासणीची सुई आणि कर्करोगाविषयीचे गैरसमज

तिवसा तालुक्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. महाराजांचे निधन १९६८ साली कर्करोगाने झाले आणि नागपूरचे प्रादेशिक कर्करुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. असे निर्मळ आयुष्य जगलेल्या संताला जो आजार झाला, तो पापाचे फळ मानून लपवून ठेवण्याची रीत वऱ्हाडात अजूनही आढळते, हे खेदाचे आहे. कर्करोग हा पेशींच्या वाढीवरील नियंत्रण सुटल्याने होणारा विकार असून तो रुग्णाच्या ताटात जेवल्याने किंवा त्याची सेवा केल्याने लागत नाही.

याहून घातक समज असा की, गाठीला सुई किंवा लोखंड लागले की ती चिघळते आणि आजार अंगभर पसरतो. बायोप्सी, म्हणजे गाठीचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, ही निदानाची खात्रीची पद्धत आहे; यकृतासारख्या काही अवयवांच्या गाठींत सुईच्या मार्गाने पेशी पसरण्याचा अत्यल्प धोका असतो, म्हणून तेथे डॉक्टर वेगळी काळजी घेतात, परंतु तोंडातील जखमेसाठी ही भीती निराधार आहे. बहुतेक रुग्ण उशिरा येतात, बायोप्सीनंतर आधीच पसरलेला आजार उघड होतो आणि दोष सुईवर येतो. वास्तविक तोंडाचा कर्करोग मानेच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या बारीक गाठींत, आपोआप शिरतो आणि प्रारंभी त्या हाताला लागतही नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अशा रुग्णांच्या पहिल्याच शस्त्रक्रियेत या ग्रंथी काढल्या तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. ग्रंथी सुजेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

खर्ऱ्यातील, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातील, तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर अपाय नाही, हा समजही चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले असून, तिच्यामुळे गालाचे आतील अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होते.

दुखत नाही तर तपासणी कशाला, या प्रश्नाचे उत्तर तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांनी दिले आहे. तेथील सुमारे १,३१,००० स्त्रियांच्या अभ्यासात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाल्याचे २००९ साली दिसून आले. तुलनेच्या गटाला ही तपासणी मिळाली नाही, यावर पुढे टीका झाली आणि ती रास्तच होती. मात्र त्यावरून संशोधन म्हणजे गरिबांवरील प्रयोग असा निष्कर्ष काढून उपचार नाकारणे योग्य नाही, कारण अशा संशोधनात सहभागी होण्यासाठी रुग्णाची लेखी संमती लागते, ती कधीही मागे घेता येते आणि नकार दिला तरी नेहमीचे उपचार चालूच राहतात.

तोंडातील चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ जाणवली किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर जवळच्या शासकीय आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे आणि डॉक्टरांनी बायोप्सी सांगितल्यास ती लांबणीवर टाकू नये.