एकाच नावाच्या दोन फायली

एका फोल्डरमध्ये दोन फायली आहेत आणि दोन्हींचे नाव ‘दऱ्याखोऱ्या’. एका जागी एकाच नावाच्या दोन फायली राहू शकत नाहीत, हे संगणक वापरणारा कोणीही सांगेल. तरीही लिनक्सवर असे घडू शकते, कारण डोळ्यांना सारखी दिसणारी ही नावे यंत्राच्या लेखी वेगळी असतात. ‘ऱ्य’ दोन रीतींनी टंकता येतो. एकीत ऱ, हलंत आणि य ही तीन चिन्हे लागतात. दुसरीत साधा र, हलंत, मग रुंदीच नसलेला एक जोडक आणि शेवटी य. पहिली रीत ९ बाइट खाते, दुसरी १२. तो जोडक पडद्यावर कधीच दिसत नाही.

लिनक्सला नाव वाचता येत नाही. त्याला फक्त बाइटांची रांग कळते. त्या रांगेत तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढ्या दोनच गोष्टींना मनाई आहे. बाकी सारे चालते: सुरुवातीला मोकळी जागा, वजाचिन्ह, अगदी नावाच्या मधोमध नवी ओळसुद्धा!

अशा नावांची नीट तपासणी करायची तर ‘ईमॅक्स’ या टेक्स्ट एडिटरमधल्या ‘डायरेड’ या फाइल व्यवस्थापकासारखे साधन नाही. त्यात फोल्डरची यादी म्हणजे एक साधा मजकूरच असतो. डायरेड ती यादी सहसा ‘एलएस’ या जुन्या कमांडकडून घेतो आणि ओळीओळीने वाचतो. अडचण इथेच उभी राहते. नाव मोकळ्या जागेने सुरू होत असेल, तर रकान्यातले अंतर कुठे संपले आणि नाव कुठे सुरू झाले? यासाठी ग्नू प्रकल्पाच्या ‘एलएस’मध्ये खास डायरेडसाठी एक पर्याय ठेवला आहे. तो यादीच्या शेवटी प्रत्येक नाव कितव्या बाइटला सुरू होते आणि कितव्याला संपते याचे आकडे छापतो. एका एडिटरची गरज ओळखून इतक्या मूलभूत कमांडमध्ये केलेली ही सोय खरोखर कौतुकाची आहे. नावात नवी ओळ असली की मात्र यादीतली एक ओळ तुटून दोन होतात. त्यावर ‘बी’ हा पर्याय जोडावा लागतो. मग ती नवी ओळ उलट्या तिरक्या रेघेच्या खुणेने दिसते.

वजाचिन्हाने सुरू होणारी फाइल टर्मिनलवर पुसायला गेले, तर कमांड त्या नावालाच पर्याय समजते. डायरेडमध्ये त्या ओळीवर ‘डी’ दाबून खूण करायची आणि ‘एक्स’ दाबायचा. ईमॅक्स फाइल थेट पुसतो, त्यामुळे तो गोंधळच होत नाही.

आता पुन्हा ‘दऱ्याखोऱ्या’कडे. ईमॅक्समध्ये ‘ऑटो कंपोझिशन मोड’ बंद केला की जोडाक्षरे सुटी होतात आणि कर्सर एकेका चिन्हावर थांबू लागतो. तिथे कंट्रोल-एक्स आणि पाठोपाठ बरोबरचे चिन्ह दाबले की त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक खाली उमटतो. लपलेला जोडक इथे सापडतो. मग कंट्रोल-एक्स, कंट्रोल-क्यू दाबले की यादीतली नावेच लिहिण्याजोगी होतात. नावे निबंधातल्या शब्दांसारखी दुरुस्त करायची, शोधून बदलायची आणि कंट्रोल-सी दोनदा दाबायचे. प्रत्यक्ष फायलींची नावे बदललेली असतात. फक्त जोडक खोडून भागत नाही, कारण मग ‘ऱ्य’चा रफार होतो. साध्या र च्या जागी ऱ घालावा लागतो. पण मग दोन्ही नावे खरोखरच एक होतात. एक फाइल दुसरीवर चढू नये म्हणून दोन्ही आधी उघडून पाहाव्यात आणि एकीला वेगळे नाव द्यावे.

‘नावे इंग्रजीतच ठेवा’ हा सल्ला मराठी माणसाला नेहमी मिळतो. तो चुकीचा आहे. मराठीत लिहिणाऱ्याने आपल्या फायलींना मराठीच नाव द्यावे. फक्त एक हिशेब लक्षात ठेवावा. लिनक्सवर नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे. एकट्या ‘महाराष्ट्र’ शब्दात ३० बाइट जातात. विंडोज बाइट न मोजता युनिकोडची एकके मोजते, म्हणून तिथे चाललेले लांबलचक मराठी नाव लिनक्सवर नक्कल करताना नाकारले जाऊ शकते. ते विंडोजवरच आखूड करून मग पाठवावे.