सुट्टी संपली!

२०२४ साली गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली आणि बायर्नमधल्या शाळा १० सप्टेंबरला उघडल्या. त्यामुळे दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन करून आम्ही थेट मुंबईचा विमानतळ गाठला. "गौरी जेवेपर्यंत तरी थांबा," आजी म्हणत होत्या. पण इथे शाळेची सक्ती कायद्याने आहे. २०१८ साली मेमिंगेन विमानतळावर, सुट्टी लागण्याआधीच निघालेल्या कुटुंबांची पोलिसांनी विचारपूस केली होती.

उन्हाळ्यात भारताचं घड्याळ साडेतीन तास पुढे. पहिले चार दिवस मुलं पहाटे तीनलाच टक्क जागी! उपाय साधा: संध्याकाळच्या उजेडात चालणं आणि डोळे मिटत आले तरी आठपर्यंत जागरण. आठवड्यात झोप रुळावर आली.

रुळावरून उतरली ती मराठी. तिकडे घडाघडा बोलणारी मुलं पुन्हा जर्मनमध्ये भांडू लागली. आमची संध्याकाळ म्हणजे आजींची झोपेची वेळ. म्हणून रविवारी दुपारी दोनला फोन ठरवला. तिकडे साडेपाच, चहाची वेळ. ऑक्टोबरअखेर इथलं घड्याळ मागे गेलं की फोन एकला. जेवण थांबेल, फोन नाही!

तुमच्या घरी कोणती वेळ जमते? पुढच्या बैठकीत जरूर सांगा.